काळी वायर, पांढरे पाय

गायीनं लाथ झाडली, मशीनचा कॅन कलंडला आणि दूध सगळ्या गोठ्यात पसरलं. दगडाबाईंनी गायीकडं बघितलं नाही, कॅनकडंही नाही. त्यांनी बघितलं सुनेच्या पायांकडं.

वृषालीनं पाय मागं घेतले. फरशी ओली, पाय अनवाणी, बोटांत चांदीची जोडवी, आणि जोडव्यांवर आता दुधाचे शिंतोडे. मागं घेऊन तरी कुठं नेणार होती ती पाय? ते काही खुंटीला टांगून ठेवता येत नाहीत.

"लगनाच्या आदी ही गाय लेकरावानी धार द्यायची," दगडाबाई गायीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या. "आता काय झालंय कुनाला ठावं."

ठाऊक सगळ्यांना होतं. म्हणजे ठाऊक असल्यासारखं सगळे वागत होते. वैशाखात यशराजचं लग्न झालं, वरकुट्याची वृषाली सून होऊन शेळगावात आली, आणि त्याच महिन्यात हिंदुराव आबांच्या गायी बिघडल्या. गव्हाणीला यायच्या पण पान्हा चोरायच्या. पाण्याच्या लोखंडी हौदाला तोंड लावायचं म्हटलं की जीभ टेकवून बघायच्या आणि मान झटक्यात मागं घ्यायच्या. चांदी नावाची सगळ्यात गरीब गाय, तीही लाथा झाडायला लागली. जनावरांच्या डॉक्टरनं सडं बघितली, रक्त तपासलं, कॅल्शियम पाजायला सांगितलं आणि गायी ठणठणीत आहेत म्हणून सांगून गेला. डॉक्टरला सापडलं नाही ते दगडाबाईंना सापडलं. सून पांढऱ्या पायाची निघाली.

या घरात एक रीत होती. नव्या सुनेनं पहिलं वर्ष गोठ्यात अनवाणी जायचं. गोठा म्हणजे लक्ष्मीची जागा, तिथं पायताण कसलं घालता? आता गंमत बघा. हिंदुराव धार काढायला यायचे ते गुडघ्याएवढे गमबूट चढवून. यशराजचेही तसेच बूट. दगडाबाईंच्या टाचा फुटायच्या म्हणून त्यांच्या पायात कायम जाड रबरी स्लिपर. लक्ष्मीला तीन माणसांची पायताणं चालायची, फक्त सुनेचीच चप्पल तिला खुपायची.

आल्या आल्या, हळदीचा रंगही उतरला नव्हता तेव्हा, वृषाली म्हणाली होती, "आत्या, गोठ्यात पायाला झिणझिण्या येत्यात."

"नव्या जोडव्यांचं असतंच तसं," दगडाबाई म्हणाल्या होत्या. "सवं हुईल."

सवय झाली नाही. थंडी पडली तशा झिणझिण्या वाढल्या, गायीही जास्तच बिथरल्या, आणि आज हा कॅन लवंडला. वृषाली फडक्यानं दूध पुसायला बसली तेव्हा हौदाच्या नळीला तिचा ओला हात लागला आणि मनगटापर्यंत मुंग्या चढल्या. ती तशीच बसून राहिली. हात नळीला, पाय फरशीला. जोडव्यांचा याच्याशी संबंध असेल तर तो चांदी धातू आहे एवढाच, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

तिला कळायलाच हवं होतं. लग्नाआधी ती बारामतीच्या एमआयडीसीत, भट्ट्यांचं तापमान मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला होती. डिप्लोमा करून लागली आणि चांगली चार वर्षं टिकली. लग्न ठरवताना "करू दे की नोकरी, आमचं काय जातंय" म्हणणारे हिंदुराव, अक्षता पडल्यावर "गोठ्याला घरचं मानूस पायजे" म्हणायला लागले. मग टेस्टिंगचं टेबल सुटलं आणि शेणाची पाटी डोक्यावर आली. शेणाला ती कधी लाजली नाही. पण एका बाजूनं गोठा तिच्या गळ्यात मारायचा आणि दुसऱ्या बाजूनं तिच्याच पायानं गोठा बुडाला म्हणायचं, हा कुठला न्याय?

"गोठ्यात करंट उतरतोय," ती जेवताना म्हणाली.

हिंदुरावांनी भाकरीवरून मान वर केली. "रामहरीनं केलंय समदं वायरिंग. त्याच्या हातचा करंट उतरंल व्हय?"

तरी दुसऱ्या दिवशी रामहरी वायरमन आला. हिंदुरावांच्या बसण्याउठण्यातला माणूस. त्यानं आधी हौदाच्या नळीला टेस्टर लावला, दिवा पेटला नाही. मग मल्टिमीटर काढला, लाल वायर नळीला लावली, आणि काळी वायर खोचली गोठ्यातल्याच बोर्डाच्या अर्थिंगच्या भोकात.

"शून्य," रामहरी म्हणाला आणि मीटर सगळ्यांना फिरवून दाखवला. "बघा आबा. एक व्होल्ट न्हाय."

"काळी वायर तिथं नका लावू," वृषाली पटकन बोलली. "त्या भोकाची तार कुठं गेलीय ते आधी बघा. ती नळीलाच जोडली असंल तर दोन्ही वायरी एकाच जागी लावल्यासारख्या हुत्यात. शून्यच येणार."

रामहरी हसला. हिंदुराव हसले नाहीत. "त्यो वीस वर्सं खांबावर चढतोय," ते म्हणाले. "तू चा ठेव."

तिनं चहा ठेवला. पातेल्याखाली गॅस जळत होता त्याहून जास्त ती जळत होती. आणि यशराज? यशराज दारात उभा राहून मोबाईलवर बोट फिरवत होता. त्यानं एक शब्द जरी टाकला असता, "आबा, ती म्हणतीय ते बघू तर द्या," एवढाच, तरी तिला पुरला असता.

दुपारी तिनं घरातलं बाजारी मीटर काढलं. लाल वायर नळीला, काळी गोठ्याच्या फरशीवर. आकडा येईना की धड! कधी नऊ, कधी चाळीस, वायर हलवली की अठरा, हात जवळ नेला की साठ. ती काय करतेय ते हिंदुराव मागं उभे राहून बघत होते हे तिला उशिरा कळलं.

"मीटर बी तुझ्यासारखंच हाय," ते म्हणाले. "घडीला एक बोलतंय."

एवढ्यावर थांबले असते तर तिनं गिळलं असतं. पण संध्याकाळी ते डेअरीवर गेले. दूध घालायला अख्खं गाव तिथं रांगेत उभं असतं, कॅन, किटल्या, बरण्या घेऊन, आणि दुधाच्या मापाबरोबर प्रत्येक घराचंही माप तिथंच निघतं. तिथं आबांनी रंगवून सांगितलं. सून आली आन् गोठा बसला, आता म्हनती करंट हाय, मीटर घेऊन गायींच्या मागं पळती. रांग खदखदून हसली. शेजारच्या पोरीनं हे घरी येऊन वृषालीला सांगितलं, आणि पुढं हेही सांगितलं, की आबा म्हणाले, उद्या तिच्या बापाला बोलावलंय, काही दिवस माहेरी ठेवतो, गायी सुधारल्या तर मग बघू.

काही दिवस माहेरी. पांढऱ्या पायाची म्हणून एकदा का बाई उंबऱ्याबाहेर गेली की ते काही दिवस किती लांबतात, हे पोरीच्या जातीला सांगायला लागत नाही. गायी सुधारल्या तरी ती गेली म्हणून सुधारल्या असं ठरणार. नाही सुधारल्या तर तिची नजर मागं राहिली म्हणणार. दगडाबाईंनी तिची बॅग आधीच पलंगावर काढून ठेवली होती. वर दोन साड्याही घडी करून.

"अहो, तुम्ही काहीच बोलणार न्हाई का?" तिनं यशराजला विचारलं.

"आबा रागात हायत. चार दिवस जाऊ दे, मी येतो की न्यायला." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता. तेवढ्यावर ती गप्प बसली. तरीही तिनं मेघनाला फोन लावला.

मेघना लासुर्ण्याची. बारामतीला दोघी एकाच टेबलावर टेस्टिंग करायच्या, एकाच डब्यात जेवायच्या. वृषालीनं सगळं सांगितलं, लाथा, झिणझिण्या, शून्य, साठ, डेअरी, बॅग.

मेघनानं सगळं ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न विचारला जो त्यांच्या टेबलावर दिवसातून दहादा विचारला जायचा.

"काळी वायर कुठं टेकवलीस?"

आणि वृषालीला एकदम हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी कुणीतरी तिच्या भाषेत बोललं होतं.

त्यांच्या टेबलावर येणारे सिग्नल अधांतरी असायचे. सेन्सरच्या दोन तारा, दोन्हींतला फरक मोजायचा, पण दोन्हींपैकी एकीचाही पाय जमिनीला लागलेला नाही. असलं काही मोजायला गेलं की आकडा वेड्यासारखा भिरभिरतो, हवेतला, शेजारच्या वायरीतला, मोजणाऱ्याच्या अंगातला करंटसुद्धा पकडतो. नवीन माणूस घाबरून म्हणतो, मीटर बिघडलं. जुना माणूस म्हणतो, आधी शून्य कुठं धरलंस ते सांग. काळी वायर म्हणजे शून्य. ती जिथं टेकवशील तिथून जग मोजलं जातं. ती चुकीच्या जागी टेकवली की मेलेली तार जिवंत दिसते आणि जिवंत तार मेलेली.

धारेच्या वेळी घरात काय काय चालू असतं हे मेघनानं विचारल्यावर वृषालीनं लग्नात बसवलेल्या नव्या गिझरचं नाव घेतलं. "उद्या गायींच्या धारेला येते," मेघना म्हणाली. "पहार हाय ना घरात?"

सकाळी ती स्कूटीवर आली ती मीटर, लांब वायरीचं वेटोळं आणि प्लास्टिकच्या डबीत एक रेझिस्टर घेऊन. दगडाबाईंनी तिला दारातच अडवलं.

"कुनाची गं तू?"

"लासुर्ण्याच्या नानांची मेघना."

"आडनाव?"

"सांगते की मावशी. आधी गिझर चालू करा."

दगडाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. गिझर चालूच होता. सकाळच्या आंघोळींचा वेळ तो, आणि धारेचाही तोच. वृषालीनं पहार उचलली, गोठ्याच्या मागं गेली, पाणी दिलेल्या उसाच्या सरीत चिखलात ती हातभर खोल ठोकली. या जागेशी घराचा, गोठ्याचा, कुठल्याही वायरीचा संबंध नव्हता. लांब वायरीचं एक टोक पहारीला बांधलं, दुसरं ओढत गोठ्यात आणलं आणि मीटरच्या काळ्या वायरीला जोडलं. लाल वायर हौदाच्या नळीला. आकडा कालच्यासारखाच भिरभिरला. मग मेघनानं दोन्ही वायरींच्या मध्ये तो रेझिस्टर लावला, साधारण एका गायीच्या अंगाइतका अडथळा. हवेतला भुताटकीचा करंट त्यातून निघून गेला. उरला तो खरा. आकडा हलायचा थांबला.

साडेसात.

"अहो, गिझर बंद करा," वृषालीनं हाक दिली. यशराजनं बटण दाबलं. शून्य. "चालू करा." साडेसात. "बंद." शून्य.

हिंदुराव टॉवेल खांद्यावर टाकून, गमबूट घालून येऊन उभे राहिले होते. "रामहरीला तर शून्यच आलं हुतं."

"दावते." वृषालीनं गिझर पुन्हा लावायला सांगितलं, पहारीची वायर सोडली आणि काळी वायर रामहरीसारखी बोर्डाच्या भोकात खोचली. शून्य. "नळी आन् हे भोक, दोन्ही बी एकाच ट्रॉलीत उभी हायत, आबा. ट्रॉलीत बसून ट्रॉलीतल्याच मानसाला विचारलं, ट्रॉली हालती का, तर तो काय सांगंल?"

"पण ही तार नळीला जोडली कुणी?" मेघनानं विचारलं. "घराला अर्थिंगचा खड्डा असंल की."

यशराज खाली बघत बोलला. "हुता. अंगणात. लग्नाच्या वेळी पेव्हिंग ब्लॉक टाकले ना, तवा बुजला. स्टेज तिथंच यायचं हुतं. रामहरी म्हनला, तात्पुरती तार गोठ्याच्या नळीला जोडतो, मागनं बघू."

मागनं कुणी बघितलं नाही. गोठ्याची नळी लोखंडी, पण खालची सगळी लाईन प्लास्टिकची, म्हणजे नळीचाही पाय जमिनीला नाही. नव्या गिझरमधून करंट गळायचा, तो जमिनीत जायचा सोडून नळीत येऊन तुंबायचा, आणि ओल्या फरशीवर चार पाय टेकून जी गाय हौदाला तोंड लावील तिच्यातून वाट काढायचा. करंट गळला की आपोआप पडणारा एक स्विच घरात होता, तोही सारखा पडतोय म्हणून रामहरीनं काढून टाकला होता. वृषालीच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या जागेच्या बरोबर खाली तो खड्डा होता. तिच्या लग्नापासूनच गायी बिघडल्या, हे दगडाबाईंचं म्हणणं अगदी खरं होतं!

"मीटर तुमचं, आकडा तुमचा," हिंदुराव म्हणाले. "आमाला त्यातलं काय कळतंय? मी रोज ह्या नळीला हात लावतो. मला कदी काय झालं न्हाय."

वृषालीनं त्यांच्या पायांकडं बघितलं. "बूट काढा, आबा."

"काय?"

"लक्ष्मीची जागा हाय ना ही? मग काढा बूट. मी रोज जशी उभी ऱ्हाते तसं उभं ऱ्हावा."

सुनेनं सासऱ्याला असं सांगितलेलं त्या गोठ्यानं कधी ऐकलं नसेल. नाही म्हणावं तर सुनेसमोर भ्यालो असं होतं. हिंदुरावांनी दात चावत बूट ओढून काढले, ओल्या फरशीवर पाय ठेवले आणि हौदाच्या कडेला पंजा टेकवला.

"आयला!" हात असा मागं आला की खांद्यावरचा टॉवेल हौदात पडला.

"सा महिने मी ह्यावर उभी हाय," वृषाली म्हणाली. "गायी लाथा तरी मारत्यात. मला ती बी सोय न्हवती."

मेघनानं स्वतः जाऊन गिझर बंद केला. थोड्या वेळानं चांदीनं हौदाकडं मान केली, जीभ टेकवून बघितली, पुन्हा बघितली, आणि मग तोंड बुडवून मोठमोठे घोट घेत पाणी प्यायला लागली. सगळे तिच्याकडं बघत राहिले. तिच्या गळ्यातून पाणी उतरताना दिसत होतं. इतके महिने ही मुकी जनावरं अर्धपोटी पाण्यावर दूध देत होती, आणि ही माणसं पाय मोजत बसली होती.

एवढ्यात अण्णा आले. वृषालीचे वडील, बाहेर गाडी लावून, टोपी हातात धरून, खाली मान घालून. पोरीत खोट निघाली म्हणून बोलावलेला बाप जसा येतो तसे. त्यांना तसं बघून वृषालीला वाटलं, या एका मान घालण्याची भरपाई हे लोक कशानं करणार आहेत?

"या व्याही, या!" दगडाबाई एकदम मधाळ झाल्या. "आता न्यायची काय गरज न्हाय. करंट हुता वो गोठ्यात! तुमच्या पोरीनंच हुडकला. पायगुन लय चांगला हाय तिचा, म्हनून घरावरचं टळलं."

"आत्या," वृषाली म्हणाली, "काल पांढरे, आज चांगले. पाय तेच हायत माझे. धुतले बी न्हाईत अजून."

"आता धरून बसू नगं," हिंदुराव बूट चढवत म्हणाले. त्यांना पायात बूट आल्यावर जरा बळ आलं होतं. "झालं गेलं. रामहरी आपला मानूस हाय, त्याचं नाव खराब व्हायला नगं. घरातलं घरात ऱ्हाऊ द्या."

"माझं नाव डेअरीवर नेलंत. त्याचं घरात झाकायचं?"

"मग काय डेअरीवर जाऊन सांगू, मी चुकलो म्हनून? गाव हसंल मला."

"मला हसलं की गाव! तवा बरं चाललं?"

यशराज पुढं आला, समजूत घालायचा चेहरा करून. "जाऊ दे ना वृषाली. आबा जुन्या वळणाचे हायत. ते करंटबिरंट लवकर ध्यानात येत न्हाई कुणाच्या. आता मलाच बघ, आषाढात हौद धुताना बूट काढले हुते, तवा मला बी बसला हुता झटका. मी तरी कुठं..."

तो थांबला. पण वाक्य बाहेर पडलं होतं.

"आषाढात?" वृषालीनं विचारलं.

"म्हणजे बारीकसाच हुता."

"मी जेवताना करंट म्हनले तवा तुम्ही समोर हुता. रामहरीनं शून्य दाखवलं तवा दारात हुता. बॅग काढली तवा..."

"आबांनी रामहरीकडनं करून घेतलेलं काम. उगाच घरात वाद नको म्हनून मी..."

वाद नको म्हणून. बायको गेली तर चालेल, पण वाद नको. सासरा तापट होता, सासू भोळसट आणि कडवट होती, ते तिनं पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. पण या घरात काय खरं, काय खोटं हे ती आजवर याच माणसाला धरून मोजत आली होती. त्याचा हात खांद्यावर आला की बाकीचं शून्य धरायचं. काळी वायर तिनं इथं टेकवली होती, आणि हाही ट्रॉलीतच उभा होता!

ती आत गेली. दगडाबाईंनी घडी घातलेल्या दोन साड्या बाजूला ठेवून तिनं स्वतःच्या हातानं बॅग भरली, त्यात कंपनीचं जुनं ओळखपत्रही टाकलं. दारातल्या चपला पायात घातल्या आणि त्याच पायांनी गोठ्यात शिरली. चांदीच्या मानेवरून हात फिरवला. रीत मोडली म्हणून दगडाबाई नुसत्या त्या चपलांकडं बघत राहिल्या.

"चला, अण्णा."

"अगं पन आता कशाला?" हिंदुराव गडबडले. "समदं निस्तारलं की! आन् ही अर्थिंग कोन नीट करनार?"

"रामहरीला बोलवा. तुमच्या भरवशाचा मानूस हाय. तोवर गिझर लावू नका, गायींनी तुमचं काय वाकडं केलंय?" ती उंबऱ्यात वळली. "आन् जिथं बोललात तिथं जाऊन सांगा. रांगेत, समद्यांच्या म्होरं. त्या दिवशी मग मी यायचं का न्हाई ते ठरवीन. आधी न्हाई."

यशराज गाडीपर्यंत आला. काचेपाशी वाकून म्हणाला, "मी येतो चार दिवसांत." तिनं त्याच्याकडं बघितलं आणि काच वर केली.

गाडी पुढं, मेघनाची स्कूटी मागं. डेअरीपाशी सकाळची रांग अजून संपली नव्हती. गाडीत वृषालीला बघून रांगेतली कुजबुज रस्त्यावर ऐकू येईल एवढी वाढली. गेली बघा, लावून दिली शेवटी.

"अण्णा, थांबवा," ती म्हणाली.

"कशाला पोरी? चल गुमान."

"थांबवा म्हनते ना!"

ती उतरली. ऊन तोंडावर आणि चपला पायात. आबा येऊन सांगतील याची वाट बघत ती वरकुट्यात बसणार होती की काय?

"लावून न्हाई दिली, मी चाललीय," ती रांगेला म्हणाली. "आमच्या गोठ्यात करंट उतरत हुता. अर्थिंगचा खड्डा मांडवाखाली बुजवला आन् तार गोठ्याच्या नळीला जोडली. आत्ता मोजलाय. आबांनी बूट काढून हात लावलाय, खोटं वाटत असंल तर त्यांना विचारा. तुमच्या गायी लाथा मारत असल्या, तर सुनेचे पाय बघू नका, खड्डा बघा! आन् एकदा तरी अनवाणी उभं राहून बघा."

कुणी हसलं नाही. कुणी मान हलवली, कुणी किटलीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. वृषाली गाडीकडं वळली तेवढ्यात रांगेतून एक म्हातारी बाहेर आली. फुलाबाई, खालच्या आळीची. हातात दुधाची बरणी तशीच.

"पोरी, आमच्या गायी बी अशाच करायच्या," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आमचं बी वायरिंग रामहरीचंच. नवा गोठा बांदला तवाचं."

"मग बघून घ्या, आजी. मी मेघनाला सांगते, ती..."

"आमी आमच्या सुनेला लावून दिली." फुलाबाईचा हात बरणीवर घट्ट झाला. "पांढऱ्या पायाची म्हनून. तीन वर्सं झाली. ती बी म्हनायची, पायाला मुंग्या येत्यात. मी म्हनलं, काम नगं म्हनून ढोंग करती." ती थांबली. "गायी काय सुदारल्या न्हाईत. म्या म्हनलं, जाताना नजर लावून गेली."

वृषालीचा राग जागच्या जागी थिजला.

"आता तिला काय सांगू?" फुलाबाई म्हणाली. "तिचं तर दुसरं घर झालं."

"तिला काय सांगायचं ते मला न्हाई ठावं, आजी," वृषाली म्हणाली. "पण तवा हितंच बोलला असाल ना? रांगेत?"

फुलाबाईनं मान हलवली. व्हय.

मग म्हातारीनं बरणी खाली ठेवली, डोईवरचा पदर नीट केला आणि रांगेकडं तोंड केलं. "ऐका रं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरका निघाला म्हणून पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणाली, "समदी ऐका. माझ्या सुनंचं सांगायचं हाय."